मास्क सैल झाला तेव्हा

“बापूकाका, रात्री दिवा घालवला की तुम्ही चमकता काय हो?”

हा प्रश्न माझा नव्हता. तो नाझनीन आणि स्नेहलचा होता, माझी फक्त जीभ होती. शाळेच्या सायकल स्टँडवर दोघींनी मला पैज लावली होती की शर्वरी, हे विचारायची तुझ्यात हिंमत नाही, आणि असलीच तर रंकाळ्यावर एक भेळ आमच्याकडून.

मी तेव्हा नववीत होते. आठवीपर्यंत मी वर्गात इतकी गप्प असायचे की हजेरी घेताना बाई माझ्या नावापाशी मान वर करून बघायच्या, आलीय का नाही ते. आणि नववीत एकदम कंठच फुटला मला. वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस काय मिळालं, मला वाटायला लागलं जगात जे जे काही आहे ते मी विचारलंच पाहिजे. रिक्षावाल्याला, भाजीवालीला, शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनासुद्धा. अशा मुलीला पैज लावायची म्हणजे काय, स्वतःच्या खिशाला कात्री.

तरी या प्रश्नामागं थोडंफार शास्त्र होतं. आमच्याकडं रेडिएशनला रेडिएशन कुणी म्हणत नाही, लाईट म्हणतात. ‘माळवद्यांच्या बापूला लाईट चालू झालेत.’ ‘किती लाईट झाले?’ ‘लाईट सोसतायत काय?’ हे सगळं ऐकून नाझनीननं असा निष्कर्ष काढला होता की जो माणूस रोज लाईट घेतो तो रात्री चार्ज केलेल्या टॉर्चसारखा दिसला पाहिजे.

तर मी विचारलं. भर जेवणात विचारलं. आईच्या हातातली पळी वरणातच राहिली. पप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की त्या नजरेनं मीच पेटून चमकायला लागले असते.

बापूकाका म्हणजे पप्पांचे, त्यांच्या विजूचे, थोरले भाऊ. गडहिंग्लजला त्यांचं दुकान, माळवदे टेलर्स. लग्न केलं नाही. मशीन, रेडिओ आणि गावभरच्या लोकांची मापं एवढाच त्यांचा संसार. त्यांना घशाचा कॅन्सर झाला, मानेत गाठ आली, आणि लाईट घ्यायला ते कोल्हापुरात आमच्याकडं राहायला आले. त्या दिवसापासून आमच्या घराचा आवाजच कुणीतरी कमी करून ठेवला होता. कॅन्सर हा शब्द तर घरात बंदच. ‘ते’ म्हणायचं. काकांसमोर बोलायचं ते पाण्याच्या टाकीबद्दल, नाहीतर शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल.

काकांनी पेजेची वाटी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं.

“चमकत असतो तर,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “विजूनं मला जिन्यात झोपवला असता. तिथला बल्ब कवापासून गेलाय.”

आणि स्वतःच हसायला लागले. हसताना घसा दुखत होता, एका हातानं गळा धरला होता, तरी थांबेनात. मग आई हसली. पप्पा हसायचं का रागवायचं या विचारात अडकले ते अडकलेच.

“अजून विचार,” काका म्हणाले. “ह्या घरात मला कोण काय विचारतच नाही. जेवला काय, झोपला काय, संपलं.”

मला तेवढंच हवं होतं. आत काय असतं, मशीन केवढं असतं, दुखतं काय, उकडतं काय, नाकाला खाज सुटली तर काय करता? सगळ्याची उत्तरं मिळाली. (नाकाला खाज सुटली तर सोसायची. हीच सगळ्यात मोठी शिक्षा, म्हणाले.)

“विजू, उद्यापासून हिला आण संगट. दिवाळीची सुट्टी लागलीय तिला. तू नुसता गाडी चालवतोस. बोलायला ही असू दे.”

“मी येतो की!” मी म्हणाले. आमच्या कोल्हापुरात मुलीसुद्धा येतो, जातो, करतोच म्हणतात. पुण्याची मावशी दरवेळी दुरुस्त करते आणि आम्ही दरवेळी विसरतो.

हॉस्पिटलात लाईटचा विभाग तळघरात होता. बाहेर बाकडी, बाकड्यांवर माणसं, आणि सगळी एकमेकांना राम राम म्हणावं तसं ‘किती झाले?’ विचारणारी. आतल्या भिंतीला एक फडताळ होतं आणि त्यात ओळीनं चेहरे ठेवलेले. खरंच चेहरे! पांढऱ्या जाळीच्या प्लॅस्टिकचे, नाक, हनुवटी, मान सगळं असलेले, आणि प्रत्येकाच्या कपाळावर पट्टीवर नाव.

“ते बघ, माझं कापड,” काका म्हणाले.

पहिल्या दिवशी प्लॅस्टिकचा तक्ता गरम पाण्यात मऊ करून त्यांच्या तोंडावर दाबला होता. तो गार होऊन घट्ट झाला तो हा मास्क. लाईट घेताना तो घालून टेबलाला खटके लावायचे म्हणजे डोकं तसूभर हलत नाही आणि लाईट रोज नेमका त्याच जागी पडतो.

“एवढं फिटिंग मला उभ्या जन्मात जमलं नाही,” काका म्हणाले. “टाचणी जाणार नाही मधनं.”

नंबर येईपर्यंत आमचा खेळ चालायचा. समोरून जाणाऱ्या माणसाचं माप ओळखायचं. “तो बघ निळा शर्टवाला. छाती अडतीस, पोट चाळीस, आणि शिंप्याला सांगणार छत्तीसचा शिव.” मी हसले की पप्पा ‘हळू’ म्हणायचे. पप्पा पतसंस्थेत नोकरीला. चारचौघांत उगीच आवाज नको, आणि डॉक्टरांसमोर तर नकोच नको, असा त्यांचा स्वभाव. डॉक्टर बोलायला लागले की ते हात मागं बांधून उभे राहायचे आणि प्रत्येक वाक्याला ‘बरं बरं’ म्हणायचे. बाहेर आल्यावर मी विचारायचे, काय म्हणाले? तर म्हणायचे, ‘चांगलं चाललंय.’ काकांनाही तेच, आईलाही तेच.

तो दिवस निम्मे लाईट होऊन गेल्यानंतरचा. काका आत गेले, दारावरचा तांबडा दिवा लागायची मी वाट बघत बसले. लागलाच नाही. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि मशीनवरचा उमेशदादा बाहेर आला.

“माळवदे, आज ट्रीटमेंट होणार नाही. मास्क सैल झालाय. आत्ताचा प्लॅन बंद करायला लागणार. मॅडम बोलतील, बसा थोडं.”

“बरं बरं,” पप्पा म्हणाले. हात मागं.

त्याच्यामागून काका आले. खांद्यावर टॉवेल, गालावर मास्कच्या जाळीचे वळ. रोज ते वळ लालभडक असायचे. त्या दिवशी पुसट होते, जेमतेम दिसत होते.

“विजू, गाडी काढ.”

“अरे, मॅडम बोलणार आहेत म्हणाला तो—”

“काय बोलायचंय? कळलं की. मी उद्या गडहिंग्लजला जातो. दिवाळीची कापडं तशीच पडून आहेत.”

“असं कसं बापू? मधनंच सोडून?”

“मी सोडतोय काय? त्यांनीच बंद केलाय.”

पप्पांनी खिशातली किल्ली बाहेर काढली, परत आत ठेवली, परत काढली. “आपण बघू,” म्हणाले, “आधी घरी तर जाऊ.” आणि गाडी काढायला वर गेले.

मी आणि काका बाकड्यावर. खेळायला समोरून माणसं जात होती, पण काका बघत नव्हते.

“काय कळलं तुम्हाला?” मी विचारलं.

“आठवडा झाला, त्या मास्कात बोट जातंय माझं. हनुवटीखालनं. आधी एक जायचं, आता दोन जातात. मी कुणाला बोललो नाही.”

“मग?”

“गडहिंग्लजला बाबर मास्तर होते. माझं जुनं गिऱ्हाईक. एक दिवस पँट घेऊन आले, म्हणाले, बापू, कमरेत जरा घे. घेतली. चार दिवसांनी परत आले. परत घेतली. तिसऱ्यांदा आले तर घ्यायला जागा नव्हती, मागचे दोन्ही खिसे एकमेकाला चिकटायला लागले. मी हसण्यावारी नेलं. मग दिवाळीच्या आधी त्यांचा मुलगा तीच पँट घेऊन आला. कुणाला होत असली तर द्या म्हणाला.” काकांनी घोट गिळला. गिळताना त्यांचा चेहरा आवळायचा. “माणूस जायला लागला की पहिलं कापड सैल होतंय, शर्वरी. शिंप्याला ते आधी कळतं. आता डॉक्टरला पण कळलं. म्हणून प्लॅन बंद.”

“पण मॅडम असं म्हणाल्या काय?”

“असं तोंडावर कोण म्हणतंय? तुझा बाप तरी म्हणतोय काय?”

मला रडू येत होतं की राग, मला आजही सांगता येणार नाही. एवढं मात्र कळत होतं की आता हे गाडीत बसले तर उद्या सकाळच्या एसटीनं जाणार. पप्पा अडवणार नाहीत. पप्पा ‘आपण बघू’ म्हणणार.

मी उठले.

“कुठं निघालीस?”

“विचारून येतो.”

बोळाच्या टोकाला एक दार होतं. ‘प्लॅनिंग रूम. परवानगीशिवाय आत येऊ नये.’ परवानगी मागायची तर दार वाजवायला पाहिजे आणि वाजवायचं तर दार उघडायलाही पाहिजे, असा विचार करून मी दोन्ही एकदमच केलं.

आत मॅडम, म्हणजे डॉक्टर गौतमी कांबळे, एकट्याच बसल्या होत्या. समोर दोन मोठे पडदे, पडद्यांवर राखाडी रंगाची माणसाची मान, आणि त्या मानेत त्या काहीतरी तांबड्या रेघेनं आखत होत्या. चष्मा डोक्यावर, शेजारी चहाचा कप, त्यात माशी.

मी मनात चांगलं भाषण रचलं होतं. आदरणीय डॉक्टर वगैरे. ते कुठं गेलं कोण जाणे.

“मॅडम माझ्या काकांचा प्लॅन का बंद केला ते आता बरे होणार नाहीत म्हणून काय?” एका दमात. त्यात स्वल्पविराम नव्हता.

त्यांनी खुर्ची वळवली. “काका म्हणजे?”

“रामकृष्ण माळवदे. मास्क सैल झालेले.”

“त्यांनी तुला पाठवलं?”

“नाही. ते गडहिंग्लजला जायला निघालेत. कायमचे. कापडं पडलीत म्हणाले.”

मॅडमनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि मला नीट बघितलं. “हे बघ, हे मी तुला सांगणार नाही.”

माझा चेहरा पडला असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या, “अगं, रडू नको. मान त्यांची, आजार त्यांचा, तर आधी त्यांना सांगायला नको? जा, घेऊन ये. आणि पळू नको, फरशी पुसलीय.”

मी पळाले.

“काका, तुम्हाला बोलवलंय.”

“मला? विजूला बोलवलं असंल.”

“नाही. तुम्हालाच. मान त्यांची, त्यांना घेऊन ये, म्हणाल्या.”

काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची चौकोनी घडी केली, बगलेत धरली आणि उठले. तेवढ्यात पप्पा किल्ली फिरवत खाली आले. आम्ही भलत्याच दिशेनं चाललोय बघून तेही मागोमाग आले.

“बसा काका,” मॅडम म्हणाल्या. “घाबरलात होय? मागच्या आठवड्यात मी निरोप दिला होता की मध्ये एकदा प्लॅन बदलावा लागेल असं दिसतंय.”

“मला नाही कुणी सांगितलं.”

मॅडमनी पप्पांकडं बघितलं. काकांनी पप्पांकडं बघितलं. मी तर आधीपासूनच बघत होते. पप्पा हातातल्या किल्लीकडं बघत होते.

“म्हटलं... उगीच त्याला टेन्शन नको.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. त्यात कौतुक अजिबात नव्हतं. “मग आता मीच सांगते. इकडं बघा. हे तुमच्या मानेचं पहिल्या दिवशीचं चित्र. तुम्हाला मध्येच आडवं कापून वरून बघितलं तर कसं दिसेल, तसं. ही इथं तांबड्या रेघेतली गाठ.”

गाठ चांगली लिंबाएवढी होती. मान एका बाजूला फुगलेली.

“आणि हे आज सकाळी मशीनवर झोपवल्यावर काढलेलं.”

मी दोन्हीकडं बघितलं. परत बघितलं. तांबडी रेघ तीच होती, पण तिच्या आत...

“बारकी झालीय!” मी ओरडले. पप्पा या वेळी ‘हळू’ म्हणाले नाहीत.

“झालीय. जवळजवळ निम्मी. काका, मास्क सैल झाला तो त्यामुळं. ज्या गाठीवर तो बसवला होता तीच आटली. तुम्ही हात लावून बघितलं नाही कधी?”

“हात लावायला भ्या वाटतंय,” काका म्हणाले. एकदम हळू. लहान मुलासारखे.

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. “सगळंच त्यामुळं नाही, हेही सांगते. वजन पण उतरलंय तुमचं, आणि ते मला आवडलेलं नाही. खायला लागणार. आणि गाठ पूर्ण गेली का नाही, ते सगळं संपल्यावर काही महिन्यांनी तपासून कळेल. आज मी तसं काही कबूल करत नाही. पण आत्तापर्यंत लाईट लागू पडलेत.”

“लागू पडलेत, तर मग बंद का?” काका पुढं सरकले. “चालू ठेवा की.”

“चांगला प्रश्न आहे.” मॅडमनी एक बटण दाबलं. तांबड्या रेघेबाहेर दुसरी निळी रेघ आली, जरा मोठी. “आम्ही गाठीपुरतंच धरत नाही. बाहेरनं थोडी जादा जागा धरतो. तुम्ही घोट गिळता, बारीकसे हलता. तेवढ्यानं गाठ लाईटमधनं सुटायला नको.”

काका पडद्याकडं बघत होते. कपाळाला आठी होती, पण ती मघाची नव्हती. गिऱ्हाईकानं भलतंच कापड आणल्यावर पडते ती होती.

“म्हणजे माया ठेवलीय,” ते म्हणाले.

“काय?”

काकांनी शर्टाचं टोक उलटं केलं आणि आतली शिवण दाखवली. “ही. टिपेच्या आत जादा कापड सोडतो, त्याला आम्ही माया म्हणतो. माया ठेवल्याशिवाय शिवायचंच नाही.”

“माया!” मॅडम हसल्या. “आम्ही मार्जिन म्हणतो. तुमचा शब्द बरा आहे. तर आता बघा, मान बारीक झाली, पण आमची निळी रेघ अजून जुन्या जाड मानेवरच आहे. लाळ करणारी ही ग्रंथी इथं बाहेर होती. ती आत सरकली.”

“आणि तुमच्या मायेत आली.”

“आली. वर मास्कात मान हलायला लागली. असंच चालू ठेवलं तर गाठीला थोडं कमी बसणार आणि हिला नको तेवढं. मग तोंड आणखी कोरडं पडणार.”

“माणूस बारीक झाला आणि शिवण जुन्या जागीच ठेवली तर झोळ पडतोय,” काका पप्पांना म्हणाले, जसं काही पप्पांनीच विचारलं होतं.

“मग हे अल्टर करणार?” मी विचारलं.

“अल्टर नाही गं. मास्क नवा, स्कॅन नवा, सगळं माप नव्यानं. जुन्यावर मी काही करत बसणार नाही.”

“आणि मागचे लाईट? ते वाया?” हे पप्पांनी विचारलं! आम्ही तिघांनीही त्यांच्याकडं बघितलं. त्यांचे हात मागं नव्हते. एक हात काकांच्या खुर्चीवर होता.

“एकही नाही. ते धरूनच पुढचं.”

“वाढणार काय?”

“नाही. ठरले होते तेवढेच.”

“देणार कधी?” काकांनी विचारलं.

“काय?”

“नवीन प्लॅन. डिलिव्हरी.”

“सोमवारी.”

“दिवाळीच्या तोंडावर शिंपी पण असंच सांगतोय. सोमवारी या.”

“मी शिंपी नाही. सोमवारी म्हणजे सोमवारी. आणि तुम्ही गडहिंग्लजला जायचं नाही.”

काकांचा हात वर गेला होता. कॉलर बसते का बघताना ते गिऱ्हाईकाच्या मानेशी दोन बोटं सरकवतात, तशी त्यांनी ती स्वतःच्या मानेवर सरकवली, जबड्याखालून, काळवंडलेल्या कातडीवरून, अगदी अलगद. एकदा गेली, परत आली. मग तिथंच राहिली.

“विजू,” ते म्हणाले, “आहे रे बारीक.”

पप्पांनी मान फिरवली आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

नवा मास्क त्याच दिवशी केला. मला काचेतून बघू दिलं. गरम पाण्यातून काढलेला तक्ता निथळत होता, नुकत्या लाटलेल्या पापडासारखा लवलवत. उमेशदादा आणि अजून एकानं तो काकांच्या तोंडावर ताणून बसवला आणि बोटांनी नाकाभोवती, हनुवटीखाली दाबत राहिले. आतून काहीतरी घुं घुं आवाज आला.

“बोलू नका काका, हलाल.”

गार झाल्यावर काढला, तर काकांचं पहिलं वाक्य, “उजव्या बाजूला झोळ राहिलाय म्हणत होतो.”

“टाचणी घालून बघा,” उमेशदादा म्हणाला.

काकांनी मास्क हातात घेऊन कडेनं अंगठा फिरवला. “बरा आहे,” म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘बरा आहे’ म्हणजे सुवर्णपदक.

मी हे बघण्यात इतकी रंगले होते की मॅडमनी पप्पांना बोळात बोलावून काही सांगितलं, तिकडं माझं लक्षच नव्हतं. काचेत त्यांची पाठमोरी सावली दिसली तेवढी. हात परत मागं.

गाडीत काका पुढं बसले. दसरा चौकातल्या सिग्नलला म्हणाले, “मला सांगायचं होतंस रे.”

“चुकलं बापू.”

“तू गप्प बसलास, आणि मी आठवडाभर बाबर मास्तरांची पँट आठवत बसलो.”

पप्पांना बाबर मास्तर कोण ते माहीत नव्हतं. पण त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि विचारलं. मग काकांनी सगळी गोष्ट परत सांगितली, खिशांसकट, आणि या वेळी खिशांपाशी आम्ही तिघंही हसलो. बाबर मास्तरही हसले असते असं काका म्हणाले. माणूस खेळकर होता.

संध्याकाळी त्यांनी नाचणीची आंबील दोन वाट्या संपवली. दुसरी वाटी अर्धा तास चालली, प्रत्येक घोटाला डोळे मिटत होते, पण संपवली. मग बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कबड्डी लावून बसले आणि रेफरीला शिव्या द्यायला लागले. घराचा आवाज परत मोठा झाला होता. मी स्वयंपाकघरात ताटं पुसत होते आणि इतकी खुशीत होते की एकच ताट तीनदा पुसलं.

तेव्हा पप्पा आत आले आणि आईला हळूच म्हणाले, “मॅडमनी अजून एक सांगितलंय. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातनं नळी घालायला लागेल. जेवणासाठी.”

“अगंबाई.”

“त्याला सांगून ठेवा म्हणाल्या, मनाची तयारी होऊ दे.”

“आज नको हो,” आई म्हणाली. “कित्येक दिवसांनी हसलेत. आजचा दिवस तरी सुखात जाऊ दे.”

“मी पण तेच म्हणतोय. बघू पुढं.”

दोघांचे चेहरे इतके प्रेमळ होते! हे मी आज, बारावीत बसून लिहिताना मुद्दाम सांगते. काकांचं वाईट व्हावं असं त्या घरात कुणालाच वाटत नव्हतं. आणि तेही सांगून टाकते, की नळी पुढं खरंच घालावी लागली, काही आठवडे. ‘नाकात दोरा ओवलाय, आता फक्त गाठ मारायची राहिली’ असं काका भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. आज ते गडहिंग्लजला आहेत. दुकान सकाळीच उघडतात, दुपारी झोपतात, आवाज लाकडाच्या वखारीतल्या करवतीसारखा झालाय, आणि त्या करवतीनं ते फोनवर मला अभ्यासाबद्दल सोडून सगळं विचारतात.

पण त्या रात्री यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. बाहेर काका रेफरीला आंधळा म्हणत होते. आत आई-पप्पा एकमेकांकडं बघून मान हलवत होते, ठरलं म्हणून.

मी ताट फळीवर ठेवलं. पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं.

“पप्पा, आई, मी पण एक ठरवलंय.”

“काय आता?” पप्पा म्हणाले.

“काकांबद्दल डॉक्टर जे सांगतील ते ह्या घरात पहिलं काकांना कळणार. चांगलं असू दे, वाईट असू दे. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगतो. नळीचं सांगायला मी आत्ता बाहेर चाललोय. तुम्ही दोघं येणार असाल तर चला.”